सूक्ष्म कारभारी

आमच्या महाविद्यालयात एखादी वस्तू अस्तित्वात येते ती विकत घेतल्याने नव्हे, किंवा टेबलावर आणून ठेवल्यानेही नव्हे; जडवस्तू-संग्रहाच्या नोंदवहीत तिचा अनुक्रमांक, नग, किंमत आणि पानाचा आकडा चढला, म्हणजे मगच तिचा जन्म झाला असे समजण्याची आमची वहिवाट आहे. जिन्याखाली पडलेले तीन पायांचे टेबल, ज्याचा चौथा पाय कोणत्या स्नेहसंमेलनात कामी आला हे आता कोणासच आठवत नाही, ते त्या वहीत 'टेबल, सागवानी, नग 1' असे चारही पायांवर ताठ उभे आहे. उलट आमच्या प्राणिशास्त्र विभागात गेली दोन वर्षे इमानेइतबारे वारा घालणारा पंखा, कोणा माजी विद्यार्थ्याने तो परस्पर आणून टांगला म्हणून, कागदोपत्री अद्याप जन्मालाच आलेला नाही. जग मिथ्या आहे हे सिद्ध करण्यासाठी आपल्या पूर्वाचार्यांनी एवढी भाष्ये का लिहिली हे मला कधी उमगले नाही. आमच्या भांडारपालांकडे ते काम दिले असते तर एका शेऱ्यात उरकले असते.

हे सारे सांगण्याचे कारण एवढेच, की पुढे माझी ज्या संगणक-प्रणालीशी गाठ पडली, तिचेही तत्त्वज्ञान तंतोतंत हेच निघाले.

मार्चअखेर जवळ आली म्हणजे सरकारी अनुदानाला जी एक विलक्षण गती प्राप्त होते, तिच्या तडाख्यात सापडून आमच्या विभागाला एक उत्तम सूक्ष्मदर्शक मिळाला. त्याच्या डोक्यावर बसणारा, 1392 गुणिले 1040 बिंदूंचे चित्र घेणारा कॅमेरा, काचपट्टी मायक्रोमीटरच्या हिशेबाने चारी दिशांना सरकविणारी मोटारीची स्टेज, आणि तीच स्टेज वरखाली करून दृश्य सुस्पष्ट करणारी आणखी एक मोटार, असा सगळा सरंजाम 31 तारखेच्या सायंकाळी टेम्पोतून उतरला. तो चालविणारी प्रणाली मात्र वेगळी घ्यावयाची होती. तिचा परवाना अंगठ्याएवढ्या एका किल्लीत कोंडलेला असे, ती किल्ली संगणकाला टोचल्यावाचून प्रणाली तोंड उघडत नसे, आणि तिच्या किमतीचा आकडा असा होता की तो वाचून आमच्या प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि आकडा तोच आहे अशी खात्री झाल्यावर शांतपणे फाइल मिटली. त्यानंतर दोन वर्षे आम्ही डोळ्यांनीच पाहत राहिलो. कॅमेऱ्याला आणि मोटारींना प्रयोगशाळेचे परिचर मामा (ते वयाने सर्वांत वडील असल्यामुळे प्राचार्यांपासून पहिल्या वर्षाच्या पोरांपर्यंत सगळेच त्यांना मामा म्हणतात) यांनी जुन्या पडद्याच्या कापडाची झूल शिवली होती, व दर खंडेनवमीला त्या झुलेवरूनच हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घातली जात असे.

अशा स्थितीत आमच्याकडे संशोधन करणारी एक विद्यार्थिनी एके दिवशी म्हणाली, "सर, मायक्रो-मॅनेजर घालून पाहू या का? फुकट आहे."

'फुकट' हा शब्द ऐकला की माझ्या पिढीच्या माणसाच्या मनात आधी हर्ष उद्भवतो आणि लागलीच संशय. मी चौकशी केली. तेव्हा कळले ते असे, की ही प्रणाली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील शाखेत, रॉन व्हेल या शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत 2005 साली आकाराला येऊ लागली. 1985 साली काइनेसिन नावाचे प्रथिन ज्यांनी शोधून काढले, त्यांच्यापैकीच हे व्हेल. पेशीच्या पोटात सूक्ष्मनलिकांचे जे रूळवजा मार्ग पसरलेले असतात, त्यांवरून हे प्रथिन पाठीशी ओझे बांधून 8 नॅनोमीटरचे एकेक पाऊल टाकीत चालते, आणि दर पावलामागे एटीपीचा एक रेणू एवढ्याच मजुरीवर संतुष्ट असते. इतका काटकसरी हमाल मी अन्यत्र पाहिला नाही. आमचा सूक्ष्मदर्शक टेम्पोतून पहिल्या मजल्यावर चढविणाऱ्यांनी प्रत्येक पायरीचा हिशेब कसा लावला हे मला स्मरते. अशा हमालाचा पाठलाग करावयाचा तर दिवा, पडदा, भिंग, कॅमेरा ही सर्व मंडळी एकाच हुकमात वागली पाहिजेत असे त्या प्रयोगशाळेतील लोकांना वाटले असल्यास नवल नाही.

नाव मात्र त्यांनी मोठे मिस्कील ठेवले. मायक्रो म्हणजे सूक्ष्म आणि मॅनेजर म्हणजे कारभारी, हा झाला शब्दार्थ. परंतु इंग्रजी कचेऱ्यांत मायक्रो-मॅनेजर म्हणतात तो हाताखालच्या माणसाने टाचणी कागदाच्या उजव्या कोपऱ्यात टोचली की डाव्या, येथपर्यंत जातीने लक्ष घालणाऱ्या वरिष्ठाला. अशा एका वरिष्ठाच्या अमलाखाली मी आयुष्याची एकोणीस वर्षे घालविली आहेत. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी स्वतःच्या निरोपसमारंभाच्या खुर्च्या मोजल्या. तेव्हा हे नाव कानी पडताच माझ्या पाठीच्या कण्यातून एक जुनी, ओळखीची शिरशिरी गेली.

प्रणाली फुकट असली तरी ती घेण्यास मंजुरी लागणारच होती, आणि येथे आमचे लेखापाल आडवे आले. त्यांचे म्हणणे असे, की शून्य रुपयांची खरेदी ही खरेदी होऊ शकत नाही. खरेदी नसेल तर ती देणगी. देणगी असेल तर देणगीदाराचे पत्र हवे, आणि देणगीदार परदेशस्थ असेल तर तो विषय आपल्या पायरीचा नाही. मी त्यांना समजावू लागलो की ही प्रणाली मुक्त आहे, मुक्त म्हणजे निव्वळ फुकट नव्हे, तर तिची मूळ संहिता कोणीही वाचावी, दुरुस्त करावी, वाढवावी आणि शेजाऱ्यालाही द्यावी, असा तिचा करार आहे. लेखापालांनी हे सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि नियमाप्रमाणे तीन दरपत्रके आणावयास सांगितले. मी आणली. अन्य दोन मुक्त प्रणालींचीही माहिती काढून, तिन्हींचा तुलनात्मक तक्ता करून, तिन्ही रकान्यांत सुवाच्य अक्षरांत शून्य लिहून मी तो सादर केला. आठ दिवसांनी तक्ता परत आला. त्यावर शेरा होता: 'तिन्ही दर समान असल्याने संबंधितांशी वाटाघाटी करून दर आणखी खाली आणता येतो का, हे पाहावे.'

शेवटी तोडगा लेखापालांनीच काढला. वस्तूची नाममात्र किंमत रुपया 1 धरावी, तो रुपया मी स्वतःच्या खिशातून भरावा, आणि पावती फाडावी. त्या पावतीवर देणाऱ्याचे नाव म्हणून माझे नाव आहे आणि घेणाऱ्याचेही माझेच आहे.

या निमित्ताने मला डेल्फ्टच्या लेव्हेनहुकची राहून राहून आठवण होत असे. हा सतराव्या शतकातला कापडाचा व्यापारी. 1673 पासून जवळजवळ पन्नास वर्षे त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला आपल्या घरगुती डच भाषेत पत्रे पाठविली, तळ्याच्या पाण्यातली आणि दातांवरच्या किटणातली वळवळणारी सृष्टी जगाला प्रथम वर्णन करून सांगितली, पण आपली सर्वोत्तम भिंगे आपण कशी घडवितो हे मात्र कोणासही सांगितले नाही. म्हणजे मुक्त संहितेचा तो कट्टर विरोधक. परंतु त्याच्या यंत्राचा साधेपणा पाहा: पितळेचे दोन पत्रे, मध्ये इवलेसे एक भिंग, नमुना टोचण्यास एक टोक, आणि ते पुढेमागे करण्यास दोनतीन स्क्रू. चित्रे काढण्यासाठी त्याने चित्रकार पदरी बाळगले होते. त्याचा कॅमेरा हा असा चालता-बोलता, पगारी मनुष्य होता; त्याला संगणकाला जोडण्याची केबल लागत नसे, आणि त्याचे आणि स्क्रूचे पटत नाही अशी तक्रार उद्भवण्याचाही संभव नव्हता.

प्रत्यक्ष प्रणाली संगणकावर उतरवून घेण्यास चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. ती उघडताच आमचे नाव आणि संस्था विचारती झाली. हा शिष्टाचार मला आवडला. मग कोणती मांडणी लावू, असे तिने विचारले, आणि तिच्याजवळ आधीच तयार असलेली 'डेमो' नावाची मांडणी विद्यार्थिनीने निवडली. 'लाइव्ह' असे लिहिलेले बटण दाबले मात्र, आणि पडद्यावर करड्या रंगाच्या तिरप्या लाटा संथपणे वाहू लागल्या. मला भरून आले. दोन वर्षे झुलेखाली निपचित पडलेला आमचा कॅमेरा जागा झाला, या भावनेने मी मामांना हाक मारली, मामांनी विभागप्रमुखांना, आणि विभागप्रमुखांनी त्या लाटा पाहून "पॅरामिशियमचे सिलिया दिसतात" असा अभिप्राय दिला. विद्यार्थिनी थोडी घुटमळली.

"सर," ती म्हणाली, "हा आपला कॅमेरा नाही. हा कोणाचाच कॅमेरा नाही. शिकण्यासाठी म्हणून त्यांनी एक काल्पनिक कॅमेरा दिलेला असतो. आपला अजून जोडलेलाच नाही."

मी वाकून पाहिले. झूल जागच्या जागी होती.

तेथून पुढचे पंधरा दिवस खरा कॅमेरा त्या काल्पनिक कॅमेऱ्याच्या पंक्तीला बसविण्यात गेले, आणि त्या अवधीत या प्रणालीची अंतर्व्यवस्था मला हळूहळू समजू लागली. पेशवाईतल्या दप्तराची कल्पना असलेल्या माणसाला ती समजावयास मुळीच कठीण नाही. दर्शनी भागी दिवाणखाना आहे. तो जावा नावाच्या संगणकभाषेत बांधलेला असून बटणे, आलेख आणि चित्रे तेथे मांडलेली असतात. त्याच्या बाजूला इमेजजे ही आणखी एक जुनी, सालस प्रणाली ठाण मांडून असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी 1997 मध्ये ती रचावयास घेतली, आणि चित्रातील लांबीरुंदी मोजण्याचे काम तिच्याकडे आहे. दिवाणखान्यामागे, सी प्लस प्लस भाषेत लिहिलेला गाभा म्हणजे फडणीस. हुकूम वरून आला की तो कोणाकडे धाडावयाचा हे फडणीस ठरवितो. परंतु फडणिसाला कॅमेऱ्याची भाषा येत नाही, स्टेजचीही येत नाही; कारण प्रत्येक कारखानदाराने आपापल्या यंत्राला स्वतंत्र बोली शिकवून ठेवली आहे, आणि ती दुसऱ्या कारखान्याच्या यंत्राला कळू नये हीच त्यात मोठी दक्षता. म्हणून प्रत्येक यंत्रामागे एकेक दुभाषी नेमलेला असतो. एखाद्या नव्या यंत्राला दुभाषी नसेल तर कोणाही जाणत्याने तो लिहावा आणि दरबारात रुजू करावा. असे करता करता जगभरच्या लोकांनी एवढे दुभाषी जमविले आहेत, की त्यांची यादी वाचताना मला आमच्या विद्यापीठातील अभ्यासमंडळांची आठवण झाली.

यंत्रांची नावनिशी लिहून घेण्याचे काम 'विझार्ड' नावाच्या एका सहा पायऱ्यांच्या उपचाराकडे सोपविलेले आहे. विझार्ड म्हणजे जादूगार. पण याची सारी चालचलणूक शिरस्तेदाराची. तुमच्या टेबलावर काय आहे ते तो पाहत नाही. तुमच्या दप्तरात काय आहे ते विचारतो. कॅमेरा डोळ्यांसमोर आहे, त्याचा हिरवा दिवा लुकलुकतो आहे, मामा त्याच्यावर हात ठेवून उभे आहेत, आणि शिरस्तेदार सांगतो की असा कोणी इसम हजर नाही. कारण दुभाष्याला स्वतः कारखानदाराचा एक वकील बरोबर लागतो, ज्यास ड्रायव्हर म्हणतात, आणि आमचा वकील एका तबकडीत बंद होता. आमच्या नव्या संगणकाला तबकडी घालण्याची फटच नव्हती. ग्रंथालयातल्या एका जुन्या संगणकाच्या फटीतून तो वकील बाहेर काढला, तर तो निघाला 32 बिटांचा. आणि आमची प्रणाली 64 बिटांची. या दोन पिढ्यांचे एका घरात पटत नाही, ही केवळ आमच्याकडची गोष्ट आहे असे मी समजत होतो. 64 बिटांची प्रणाली 32 बिटांच्या वकिलाला उंबऱ्याच्या आत घेत नाही, आणि का घेत नाही हे सांगत नाही. 'अमुक फाइल उघडता आली नाही' एवढे पुटपुटून गप्प बसते. विक्रेत्याच्या माणसाला दूरध्वनी केला तेव्हा त्याने अत्यंत गोड आवाजात तीच अंगठ्याएवढी किल्ली पुन्हा विकावयास काढली. अखेर नव्या पिढीचा वकील विद्यार्थिनीने कोठून तरी शोधून आणला, आणि एका गुरुवारी दुपारी शिरस्तेदाराच्या यादीत आमच्या कॅमेऱ्याचे नाव उमटले. मामांनी सर्वांना पेढा दिला.

त्या सहा पायऱ्यांपैकी चौथीबद्दल मला विशेष आदर आहे. काही यंत्रे अशी असतात की सांगितलेले काम करतात, पण ते पुरे झाल्याचे कळवीत नाहीत. अशांच्या नावापुढे, त्यांना अंदाजे किती वेळ लागेल तो मिलिसेकंदांत लिहून ठेवावा, आणि तेवढा वेळ बाकीच्यांनी निमूटपणे थांबावे, अशी तेथे सोय आहे. त्या यंत्रांची निंदा नाही, त्यांना ज्ञापन नाही. स्वभाव ओळखून केलेली ही केवळ एक तरतूद. आमच्या कर्मचारीवृंदातील चारपाच नावे तत्क्षणी माझ्या मनश्चक्षूंपुढे येऊन गेली.

सर्व नावनिशी झाली म्हणजे तिची एक साधी, अक्षरी यादी तयार होते. अमुक साधन, अमुक दुभाषी, अमुक गुणधर्म, अमुक किंमत, मध्ये स्वल्पविराम; कोणीही उघडावी आणि वाचावी. लेखापालांनी ती पाहिली, आणि या साऱ्या प्रकरणात प्रथमच त्यांच्या मुद्रेवर समाधान दिसले. "ही नोंदवही व्यवस्थित ठेवली आहे," ते म्हणाले.

स्टेजचा प्रश्न याहून अवघड होता. स्टेज जुन्या चालीच्या सिरियल तारेने बोले, ही तार संगणकाच्या यूएसबी भोकात बसावी म्हणून मध्ये एक जोडतुकडा लावावा लागे, आणि तो लावला की संगणक त्या वाटेला 'कॉम 4' असे काही नाव देई. वाटेवरून कोणत्या वेगाने बोलावयाचे हेही आधी ठरवावे लागते: सेकंदाला 9600 बिट, अक्षरामागे 8 बिट, पॅरिटी काही नाही, थांबा 1. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर 500 मिलिसेकंदांत आले नाही तर यंत्र बेपत्ता समजले जाते. विद्यापीठाकडे गेल्या श्रावणात पाठविलेल्या एका पत्राच्या उत्तराची मी आजही वाट पाहतो आहे; यंत्राला एवढा धीर नाही. असो. हे सगळे आम्ही यथासांग भरले, आणि स्टेज चालू लागली. मंगळवारी चालली, बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी चालली. सोमवारी बंद. पुन्हा सर्व यादी नव्याने केली, मंगळवारी चालू झाली, शनिवारपर्यंत चालली, आणि सोमवारी बंद.

असे चार सोमवार गेले. विभागप्रमुखांनी विजेच्या दाबाचा संशय घेतला, मी हवेतील दमटपणाचा. आमचे एक सहकारी, जे एरवी कोणत्याही गोष्टीत मत देत नाहीत, त्यांनी प्रदोषाचा उल्लेख केला. विद्यार्थिनीने मात्र वार, वेळ, तपमान आणि वाटेचा क्रमांक असा तक्ता केला, आणि त्यात दिसले ते असे, की दर सोमवारी वाटेचे नाव बदललेले असते: कॉम 4 चे 7, मग 5, मग 8. प्रणाली बिचारी जुन्या पत्त्यावर पत्रे टाकीत बसे, आणि तेथे राहते कोणीच नसे. पण नाव बदलतो कोण? आम्ही तक्त्याभोवती जमून ही चर्चा करीत असता मामा खराटा घेऊन आत आले.

"शनिवारी दुपारी मीच सगळ्या वायरी काढतो, सर," ते म्हणाले. "पुसतो, आणि परत लावतो. दर खेपेला दुसऱ्या भोकात. एकच भोक किती झिजवायचं?"

हा जोडतुकडा भोक बदलले की संगणकाला नवा पाहुणा वाटतो, आणि संगणक त्याला नवे नाव देतो, हे त्या दिवशी उलगडले. मामांच्या न्यायबुद्धीत मला काहीच दोष दिसत नव्हता. चार भोके असता एकावरच सारा भार टाकावयाचा हे कोणत्याही समतोल कारभारात बसत नाही. मी त्यांना विनंती केली की या जोडतुकड्याला एकच भोक कायमचे नेमून द्यावे. त्यांनी विचार केला, आणि खंडेनवमीच्या पुडीतून उरलेले कुंकू आणून त्या भोकाशेजारी एक ठसठशीत बोट लावले. तेव्हापासून वाट बदललेली नाही.

आता माझ्या हातून घडलेली आगळीक सांगणे भाग आहे. उंची बदलणाऱ्या मोटारीला किती अंतर चालावयाचे ते मायक्रोमीटरांत सांगावे लागते. 40 पट भिंगाखाली काचपट्टी होती, दृश्य जरासे पुसट होते, आणि मला वाटले 100 मायक्रोमीटर वर न्यावे. चष्मा कपाळावर होता. एक शून्य अधिक पडले. 1000 मायक्रोमीटर म्हणजे एक मिलिमीटर. त्या भिंगाचे टोक आणि नमुना यांत मोकळी जागा सुमारे 0.6 मिलिमीटर. गणित कोणालाही करता येईल. मोटारीने ते केले नाही. सांगितलेल्या कामात स्वतःची अक्कल न घालण्याचा जो गुण आम्ही माणसांत आयुष्यभर शोधीत असतो, तो तिच्या अंगी पूर्णत्वाने वसत होता. ती शांतपणे, एकसारख्या गतीने वर चढत गेली, आणि 'कट्' असा एक अगदी लहान आवाज झाला. 0.17 मिलिमीटर जाडीची कव्हरस्लिप गेली, तिच्या खालची काचपट्टीही गेली, भिंग मात्र त्याच्या टोकाला असलेल्या स्प्रिंगमुळे बचावले. खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मामांनी "काचा मी भरतो" असे म्हणून तो प्रसंग संपविला, आणि त्यानंतर त्या पेटीत आकडा मी लिहीत असताना ते काही ना काही निमित्ताने माझ्या पाठीशी येऊन उभे राहू लागले.

कॅमेरा जोडला, स्टेज जोडली, दिवा लागला, तरी चित्र काही येईना. पडदा काळाकुट्ट. विद्यार्थिनीने प्रकाश घेण्याचा काळ 10 मिलिसेकंदांवरून 2000वर नेला. काळोख काहीसा करडा झाला, इतकेच. आम्ही प्रणालीची रोजनिशी उघडली, कारण ती आपल्या प्रत्येक श्वासाची नोंद एका फाइलीत करीत असते. तीत सारे काही 'यथास्थित' होते. अडीच तास आम्ही दोघे ती रोजनिशी वाचीत बसलो. मामांनी तेवढ्या वेळात सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेला डोळा लावला आणि "छान दिसतंय की" म्हणाले. दिसत होते, कारण नळीच्या बाजूला एक दांडा असतो, तो आत लोटला की सारा उजेड डोळ्यांकडे जातो आणि बाहेर ओढला की कॅमेऱ्याकडे. दांडा आत होता. या दांड्याला मोटार नाही, तार नाही, दुभाषी नाही, म्हणून यादीत त्याचे नाव नाही. आणि यादीत नाव नाही म्हणून, आम्ही दोघे पदव्युत्तर माणसे, तो डोळ्यांसमोर असूनही आम्हांला दिसला नव्हता. मामांनी तो ओढला.

पडद्यावर पॅरामिशियम आले. या वेळी ते खरोखरीचे होते. एक मिलिमीटरचे 100 भाग पाडलेली काचेची फूटपट्टी ठेवून आम्ही माप बसविले. कॅमेऱ्याचा एक बिंदू 6.45 मायक्रोमीटरचा, त्यास 40ने भागले तर 0.16, पडद्यावरच्या मोजणीतही तेच आले, आणि गणित आणि निसर्ग यांची ही अनपेक्षित एकवाक्यता पाहून विद्यार्थिनीने मला टाळी देण्यासाठी हात पुढे केला व लगेच मागे घेतला.

येथवर सर्व ठीक होते. पुढच्या महिन्यात जडवस्तूंच्या प्रत्यक्ष पडताळणीची समिती आली. समितीच्या सदस्यांना बटणे दाबून पाहण्याची हौस असते हे मी जाणून होतो, आणि उंचीच्या पेटीत कोणी एखादे शून्य अधिक टाकील या भयाने, त्या दिवसापुरती मी खरी मांडणी बाजूला ठेवून ती सुरुवातीची डेमो मांडणी लावून ठेवली. तीत काही मोडण्याजोगे नव्हते. सदस्यांनी लाटा पाहिल्या, त्यांना त्या आवडल्या. परंतु त्यांच्यापैकी एक गृहस्थ, जे पूर्वी लेखापरीक्षेत होते, ते लाटांकडे न पाहता यादीकडे पाहत होते. त्यांनी खिशातून पेन काढले.

यादीत एक कॅमेरा होता, दोन शटर होती, प्रकाश गाळणाऱ्या काचांची चाके होती, आणि एका नामांकित जपानी कंपनीची 10, 20 व 40 पट अशी तीन भिंगे होती. यांपैकी एकही वस्तू टेबलावर नव्हती. उलट टेबलावर जो कॅमेरा होता, ज्याचा अनुक्रमांक नोंदवहीत बरोबर होता, त्याचा त्या यादीत पत्ता नव्हता. मी समजावून सांगण्याची पराकाष्ठा केली. हा कॅमेरा काल्पनिक आहे असे मी म्हणालो, तेव्हा त्यांनी पडद्याकडे बोट करून विचारले, "मग हे चित्र कोण घेतो आहे?"

अहवाल आला. 'नोंदवहीतील वस्तू यंत्रात आढळत नाही, व यंत्रातील वस्तू नोंदवहीत आढळत नाहीत. संबंधितांनी लेखी खुलासा करावा.' मी तीन पानी खुलासा केला. तो अमान्य झाला. लेखापालांनी खाजगीत सुचविले की यातून सुटण्याचा एकच मार्ग आहे: त्या कॅमेऱ्याची आधी रुपया 1 या नाममात्र किमतीने नोंद करावी, आणि मग रीतसर निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवून तो संग्रहातून कमी करून घ्यावा. मी दुसरा रुपया भरला. निर्लेखनाचा छापील नमुना समोर घेतला. वस्तूचे नाव, खरेदीचा दिनांक, पुरवठादार हे रकाने कसेबसे निभावले. 'वस्तूची सद्यःस्थिती' या रकान्याशी मात्र लेखणी अडली. विद्यार्थिनी शेजारीच होती. तिला मी तपासून पाहावयास सांगितले. तिने लाइव्हचे बटण दाबले, करड्या लाटा उजवीकडून डावीकडे संथपणे वाहू लागल्या, आणि मी त्या रकान्यात, जे सत्य होते तेच, 'उत्तम, चालू' असे लिहून खाली सही केली.